एकसंध अश्वारूढ शिवराय

अमरावती-अकोल्याकडील मंडळी पुण्यास गेली म्हणजे शनिवारवाडा पाहतात, पर्वती चढतात. परंतु शिवाजीनगरातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात उभ्या असलेल्या अश्वारूढ शिवरायांपर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या स्मारकाचा संकल्प केला. १९२१ साली कोनशिला बसली. १९२२ साली महाराज निवर्तले. पुतळ्याचे अनावरण झाले ते १९२८ साली. सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी साडेतेरा फुटांचा हा पुतळा, तुकडे जोडून नव्हे, तर एकसंध ओतविला. वितळलेला धातू साच्यात एकदाच जावयाचा. तेथे चूक झाली तर सर्व श्रम व्यर्थ! म्हणून शिवरायांस वंदन करताना ते साहस करणाऱ्या कलावंताचे नावही मुलांस अवश्य सांगावे.