झाडाची निगा, मनाचा विसावा

"डॉक्टर, मन शांत राहील असं काहीतरी सांगा," असे निवृत्त मंडळी हल्ली वरचेवर म्हणतात. गोळी लिहून देणे सोपे असते. पण अशा वेळी मला जपानी माळी आठवतात.

जपानमधील कानाझावा शहरात केनरोकुएन ही जुनी, प्रसिद्ध बाग आहे. तेथील बर्फ ओला व जड असतो. त्याच्या भाराने पाइनच्या फांद्या मोडतात. म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरपासून माळी झाडाशेजारी उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून फांद्यांना दोर बांधू लागतात. लांबून उघडलेल्या छत्रीच्या काड्याच वाटतात. बर्फ पडण्याआधी आधार! (आम्ही डॉक्टर रक्तदाबाबद्दल घसा कोरडा करून हेच तर सांगतो.) वसंतात पाइनचे कोवळे कोंब बोटांनी खुडायचे, थंडीच्या तोंडावर जुन्या सुया हाताने काढायच्या, म्हणजे आतल्या फांद्यांना ऊन-वारा मिळतो. यात घाई चालत नाही.

क्योटोच्या साइहोजी मंदिरातील बाग तर शेवाळाची. सुमारे १२० प्रकारचे शेवाळ तेथे आहे. गळलेली पाने साचून राहिली तर खालचे शेवाळ मरते. म्हणून ती हलक्या हाताने झाडायची, तण एकेक करून उपटायचे. गर्दीचा त्रास वाढल्याने १९७७ पासून तेथे आगाऊ अर्ज करूनच प्रवेश मिळतो.

याचा प्रकृतीशी काय संबंध? अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. रुग्ण थोडे होते, हे मान्य. पण नुसते झाड पाहून एवढा फरक पडत असेल, तर त्याची निगा राखताना हात, डोळे व मन एकाच जागी गुंतते, त्याचा लाभ कमी नसावा असे मला वाटते.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे. गेलात तर फोटोंपेक्षा माळ्याचे हात पाहा.

घरी चार कुंड्या पुरेत. मात्र गुडघे दुखत असतील तर उकिडवे बसू नका, स्टूल घ्या. मधुमेहींनी अनवाणी मातीत जाऊ नये, हातमोजे घालावेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि दोन आठवडे झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर कुंडीवर विसंबू नका. लगेच डॉक्टरांना भेटा.