वडील गेले, हप्ता थांबला : पुढे काय करायचं?



पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये. नमोची यादी पीएम किसानवरूनच घेतात, त्यामुळे एक अडकला की दुसराही अडकतो. म्हणजे लावणीच्या मजुरीला हाताशी येणारे १२,००० गेले.

आपल्या पनवेल तालुक्यात फोन सर्वात जास्त येतात ते एकाच गोष्टीसाठी. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. योजनेचा नियम असा, की १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन ज्याच्या नावावर होती तोच पात्र. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. मोबदल्याच्या पैशातून पेण-कर्जतला नंतर जमीन घेतलेल्यांनी हे लक्षात घ्या. सूट फक्त एकच, खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन. पण त्यासाठी वारस नोंद झालेली पाहिजे.

ती का होत नाही, हे सर्वांना माहीत आहे. जमिनीला भाव आला आणि बहिणींची नावं लावायला घरात नको वाटू लागलं. स्पष्टच सांगतो, वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. मुली कायद्याने वारस आहेत, त्यांची नावं लागणारच. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र पुढे करता येतं. नावं लपवून केलेली नोंद हरकतीत अडकते, मग हप्ता राहतो बाजूला.

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आधार घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मग फार्मर आयडी काढा आणि पीएम किसानची नवीन नोंदणी करा. लग्न झालेले दोन भाऊ ही दोन कुटुंबं, दोघेही अर्ज करू शकतात. नवरा-बायकोत मात्र एकालाच.

आणि एक महत्त्वाचं. वडिलांच्या खात्यात अजून हप्ता येत असेल तर तो एटीएमने काढू नका. मृत्यूची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. नाहीतर उद्या वसुलीची नोटीस घरी येईल.

खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना हा हप्ता मिळत नाही. कष्ट त्यांचे, पैसे मालकाला. मला हे पटत नाही, पण सध्या नियम तोच आहे.

नाव यादीत आहे, केवायसी झालं, तरी पैसे दिसत नाहीत? मग आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. पैसे अर्जातल्या खात्यात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन खातं उघडलं असेल तर हप्ते तिथे पडून असू शकतात. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं.

पीएम किसान हेल्पलाइन : १५५२६१. कागद तपासून हवे असतील तर सातबारा, आधार, पासबुक घेऊन कंपनीच्या केंद्रावर या. ओटीपी कोणालाही सांगू नका, आम्हालाही फोनवर नाही.