नवे माग आणि कामाची घडी

जून १९५२ मध्ये त्या वेळच्या मुंबई राज्यातील अहमदाबाद शहरी, कॅलिको मिल्सच्या ज्युबिली गिरणीत स्वयंचलित माग बसविण्यात आले. मागांची संख्या २२४ होती. यंत्रे नवी, कामगार अनुभवी, प्रत्येकाच्या कामाचा वाटा मोजमाप करून ठरवून दिलेला. असे असूनही कित्येक महिने लोटले तरी उत्पादन अपेक्षित पातळी गाठीना आणि सदोष कापडाचे प्रमाण घटेना. यंत्रात दोष सापडेना. कामगार कामचुकार आहेत, असेही म्हणता येईना. मग अडत होते कोठे?

या प्रश्नाचे जे उत्तर पुढे मिळाले, ते केवळ गिरणी-कारखान्यांपुरते महत्त्वाचे नाही. कार्यालयात संगणक येतो, शाळेत माहिती भरण्याची नवी प्रणाली येते, ग्रामपंचायतीचा जमाखर्च ऑनलाईन होतो, तेव्हा थोड्याफार फरकाने हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून ही सत्तर वर्षांपूर्वीची हकीकत सविस्तर पाहणे उचित ठरेल.

कॅलिको मिल्सचे प्रमुख गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना अभ्यासासाठी पाचारण केले. दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली ही संस्था कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करीत असे. तिच्या एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफोर्थ या दोघांनी इंग्लंडमधील कोळसा खाणींविषयीचा आपला अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला होता. बॅमफोर्थ स्वतः अठरा वर्षे खाणकामगार होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत दोन-तीन खाणकामगार आपसात जोडी जमवीत आणि कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंतचे सारे काम मिळून करीत. नवी यंत्रे आल्यावर चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली. एका पाळीने कोळसा कापावा, दुसरीने वाहक पट्टा पुढे सरकवावा, तिसरीने कोळसा भरावा, अशी योजना झाली. एका पाळीचे काम अपुरे राहिले की त्याचा भुर्दंड पुढच्या पाळीवर पडे, आणि दोघांची गाठ मात्र कधी पडत नसे. परिणामी परस्परांवर दोषारोप वाढले, गैरहजेरी वाढली. यंत्र सुधारले, परंतु माणसांना बांधून ठेवणारा धागा तुटला.

राइस यांनी अहमदाबादेच्या साळखात्यात हीच दृष्टी ठेवून निरीक्षण केले. एका पाळीत २९ कामगार होते आणि त्यांच्याकडे १२ निरनिराळी कामे वाटून दिलेली होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. कांड्या भरणाऱ्याकडे ४० किंवा ५०. तुटलेले ताणे जोडणाऱ्याकडे त्याहून अधिक. तर काहींच्याकडे सारेच्या सारे २२४. प्रत्येकाच्या मागांची सीमा निराळी असल्यामुळे कोणाचीच दुसऱ्याशी पक्की जोडी जमत नव्हती. हिशेब केला तेव्हा असे दिसले की, प्रत्येक विणकराच्या वाट्याला कांड्या भरणाऱ्याचा पाच-अष्टमांश आणि ताणे जोडणाऱ्याचा तीन-अष्टमांश भाग येतो! कागदावर हे विभाजन चोख होते. पण ज्याचा पाच-अष्टमांशच आपला आहे, त्याला हाक कशी मारावी, आणि आपल्या अडचणीची काळजी त्याने का करावी?

पूर्वी साध्या मागांवर एक विणकर दोन माग सांभाळी. त्याचे काम त्याला दिसत असे. कापड चांगले निघाले तर ते त्याचे, बिघडले तर तेही त्याचेच. स्वयंचलित मागांनी ही मालकीची भावना काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरे काहीच दिले नाही. येथे चूक कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ती शोधणे कठीण होते.

मार्च १९५३ मध्ये राइस यांनी एक साधी कल्पना मांडली. ठरावीक मागांचा एक समूह करावा आणि त्या समूहाची सर्व जबाबदारी कामगारांच्या एका गटाकडे द्यावी. कल्पना मांडण्यात आली ती आज्ञा म्हणून नव्हे, विचारार्थ म्हणून. पर्यवेक्षकांनी व कामगारांनी ती ताबडतोब उचलून धरली, आणि कोणी कोणाबरोबर काम करावे हेही कामगारांनी स्वतःच ठरविले. ६४ मागांमागे सात जणांचा गट, असे साधारण स्वरूप ठरले. गटातील माणसे गरजेप्रमाणे एकमेकांच्या मदतीस जाऊ लागली. प्रयोग प्रथम खात्याच्या एका भागात झाला आणि मागाहून संपूर्ण खात्यात पसरला. मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली. सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते आणि माणसेही तीच.

नेतृत्वासंबंधी बोलताना ‘समानुभूती’ आणि ‘विश्वास’ हे दोन शब्द अलीकडे फार वापरले जातात. ते बहुधा गोड बोलणे, पाठीवर हात ठेवणे अशा अर्थाने घेतले जातात. अहमदाबादच्या प्रयोगातून त्यांचा अधिक काटेकोर अर्थ हाती येतो. दुसऱ्याच्या जागेवर उभे राहून त्याचे काम त्याला कसे दिसते हे पाहणे, ही समानुभूती. पाच-अष्टमांशाचा हिशेब व्यवस्थापकाच्या टेबलावरून दिसला नसता. तो विणकराच्या जागेवरूनच दिसला. आणि काम सोपविताना ते कसे करावे याचा निर्णयही सोपविणे, हा विश्वास. केवळ काम सोपवून निर्णय आपल्याकडे ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे’ असे कितीही वेळा म्हटले, तरी हाताखालच्या माणसांना खरे काय ते समजतेच.

येथे एक सावधगिरीही हवी. गोड शब्दांच्या आडून कामाचा बोजा वाढविण्याचे प्रयत्न गिरणी कामगारांना नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांनी झाला, त्यांत एकाच कामगाराकडे अधिक यंत्रे देण्याच्या योजना हे एक प्रमुख कारण होते. अहमदाबादेत १९२० पासून मजूर महाजन ही कामगार संघटना कार्यरत होती. नव्या पद्धतीत आपल्या पोटावर पाय येणार नाही, ही खात्री पटल्यावाचून कोणताही कामगार मनापासून सहकार्य करीत नाही, आणि त्याने का करावे? बदल घडवून आणणाऱ्याने नोकरी, वेतन आणि कामाचे तास यांविषयी प्रथम स्पष्ट बोलले पाहिजे. बाकीचे त्यानंतर.

विश्वासाची दुसरी कसोटी म्हणजे चूक सांगण्याची मोकळीक. अमेरिकेतील संशोधक अ‍ॅमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास केला. औषध देण्यातील चुका कोणत्या पथकांत कमी होतात, हा त्यांचा विषय होता. ज्या पथकांचे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलट निघाले: चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका अधिक! अधिक बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे. तेथे त्या सांगितल्या जात होत्या. इतर पथकांत त्या भीतीपोटी दडपल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कार्यालयाच्या मासिक बैठकीत कधीच कोणती अडचण मांडली जात नाही, त्या कार्यालयाच्या प्रमुखाने निर्धास्त होण्याऐवजी किंचित चिंतित व्हावे, हे बरे.

महाराष्ट्राच्या प्रशासनालाही अशा प्रयोगांचा अनुभव आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची पुनर्रचना केली. दप्तराची वर्गवारी, बसण्याची व्यवस्था, कामाच्या पद्धती या सर्वांचा त्यात विचार झाला, आणि ‘लखीना पॅटर्न’ हे नाव शासकीय कार्यालयांत रूढ झाले. कपाटे आणि टेबले यांचाच तो प्रयोग होता, असा समज पुष्कळांचा आहे. परंतु कागद कोठे ठेवला आहे हे एकट्या लिपिकालाच ठाऊक असण्याऐवजी ते शेजारच्यालाही कळू लागले, की त्या दोघांतील नातेही बदलते. रजेवर गेलेल्या माणसासाठी काम खोळंबत नाही आणि रजा मागताना त्याला अपराधीही वाटत नाही.

आजचे बदल अधिक वेगाने येत आहेत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. एप्रिल २०२० मध्ये ग्रामपंचायतींसाठी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाली. शाळांची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरावी लागते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे अधिसूचित सेवा मुदतीत देणे बंधनकारक आहे. या सोयी नागरिकांच्या हिताच्या आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यामागे काम करणाऱ्या माणसांच्या वाट्याला काय येते, हे साळखात्याच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

शाळेचेच उदाहरण घेऊ. संगणकाची सवय असलेला एखादा तरुण शिक्षक असतो. माहिती भरण्याचे सारे काम हळूहळू त्याच्याकडे सरकते. बाकीचे शिक्षक त्यातून मोकळे होतात आणि त्याबरोबरच त्या माहितीशी असलेले त्यांचे नातेही संपते. आपल्याच वर्गाच्या पटाची नोंद चुकली तरी त्यांना ती कळत नाही. तरुण शिक्षकाच्या वर्गाकडे मात्र दुर्लक्ष होते. मुख्याध्यापक त्याची स्तुती करतात. स्तुतीने त्याचे ओझे उतरत नाही. त्याऐवजी दोन-तीन वर्गांच्या शिक्षकांचा एक गट करून त्या वर्गांची माहिती त्या गटाकडे दिली, आणि तरुण शिक्षकाने ती भरण्याऐवजी भरण्यास शिकविले, तर प्रारंभी वेळ अधिक जाईल. ज्येष्ठ शिक्षकांच्या हातून चुका होतील. त्या चुका हसण्यावारी नेल्या जाणार नाहीत, हे पाहणे हे मुख्याध्यापकांचे काम. तीस वर्षे उत्तम अध्यापन केलेल्या माणसाला सर्वांसमोर कळफलकावर अक्षर शोधावे लागते, तेव्हा त्याच्या मनाला काय वाटत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

ग्रामपंचायतीत परिस्थिती आणखी निराळी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, अनेकदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असतो. दोन गावे असतील तर प्रत्येक गावाच्या वाट्याला अर्धा अधिकारी येतो. येथे पाच-अष्टमांशाचा हिशेब शब्दशः लागू पडतो. ही स्थिती सरपंचाच्या हाती नाही. परंतु अधिकारी कोणत्या वारी येणार, त्या दिवशी कोणती कामे प्रथम व्हावीत, संगणक परिचालकाने व शिपायाने तोवर काय तयार ठेवावे, हे त्या सर्वांनी एकत्र बसून ठरविणे सरपंचाच्या हाती निश्चित आहे. ‘साहेब आले नाहीत’ या उत्तराऐवजी ‘गुरुवारी या, कागद तयार असतील’ हे उत्तर ग्रामस्थाला मिळाले, तर त्याचा फरक त्याला लगेच जाणवतो. अर्थात गुरुवारी कागद खरोखरच तयार असावे लागतात.

कॅलिकोच्या प्रयोगाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. तो बहुधा सांगितला जात नाही. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक मिलर यांनी तेथील गटपद्धतीचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. साध्या मागांच्या एका खात्यातही पुढे गट करण्यात आले होते. तेथे पद्धत इतक्या वर्षांनंतरही बव्हंशी टिकून होती. परंतु स्वयंचलित मागांच्या ज्या खात्यात प्रयोगाने नाव मिळविले, तेथे ती जवळपास लोप पावली होती. बाजाराची मागणी बदलली होती, कापडाचे प्रकार बदलले होते. उत्पादनाची निकड वाढली तसा वरून हस्तक्षेप वाढला. एका गटातील माणूस दुसरीकडे पाठविणे सोयीचे वाटू लागले, आणि गटाच्या सीमा पुसट होत गेल्या. गट मोडण्याचा निर्णय कोणी एका दिवशी घेतला, असे दिसत नाही.

शासकीय सेवेत हा धोका अधिकच आहे. २००५ च्या बदली अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. एका अधिकाऱ्याने परिश्रमाने बसविलेली घडी दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि नव्या अधिकाऱ्याला आपली घडी बसविण्याची स्वाभाविक इच्छा असते. कार्यभार हस्तांतरित करताना प्रलंबित प्रकरणे, रोख रक्कम, नोंदवह्या आणि कपाटांच्या चाव्या यांची यादी केली जाते. कोणता गट कोणते काम आपसात कसे वाटून घेतो, कोणते निर्णय त्यालाच घेऊ दिले जातात आणि अडचण आल्यास तो कोणाकडे जातो, हे त्या यादीत नसते. अर्ध्या पानात मावेल इतकी ही नोंद आहे. ती गटातील कर्मचाऱ्यांनी स्वतः लिहावी, जाणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांच्यासमक्ष येणाऱ्याला वाचून दाखवावी, आणि येणाऱ्याने किमान पहिले तीन महिने तिच्यात फेरफार करू नये.