आच, दाब आणि शिशाविना ठिणगी

चेंबूरच्या स्वयंपाकघरात गॅसचा लायटर खट्कन वाजतो, तेव्हा आतला चिमुकला हातोडा सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटतो आणि काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. दाबातून वीज देण्याचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला. सिरॅमिकला मात्र तो आयता मिळत नाही.

दाबातून वीज देणारे सिरॅमिक (पीझो सिरॅमिक) म्हणून सर्वाधिक वापरले जाते ते पीझेडटी, म्हणजे शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड. त्याची भुकटी दाबून वडी पाडतात आणि सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजतात. खरी कसोटी इथेच. आच कमी पडली तर आत पोकळ्या राहतात. जास्त झाली तर शिशाचे ऑक्साइड वाफ होऊन उडते आणि घटकांचे प्रमाणच बिघडते. म्हणून झाकणबंद मुशीत, शिसेयुक्त भुकटीच्या सोबतीने भाजणी होते. भाजतानाच दाब दिला, तर कमी तापमानालाही वडी घट्ट होते. मग ती गरम तेलात बुडवून, दर मिलिमीटर जाडीला काही हजार व्होल्ट देऊन आतले विस्कळीत विद्युतध्रुव एका दिशेला वळवतात. पुढे कधी ती क्युरी तापमानापलीकडे, म्हणजे ध्रुवांची ही मांडणी मोडणाऱ्या तापमानापलीकडे, तापली, तर ही सारी मेहनत पुसली जाते. अतिदाबही ती पुसू शकतो.

पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून अधिक शिसे असते. ते विषारी असल्याने जगभर पर्यायांचा शोध चालू आहे आणि त्यातले मोलाचे काम चेंबूरच्या शेजारी, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले आहे. शिसेविरहित सिरॅमिकचा एक पाया म्हणजे सोडियम नायोबेट. त्यात शेजारशेजारचे ध्रुव उलटसुलट असतात आणि एकमेकांना रद्द करतात. या रचनेत ऑक्सिजनचे अणू कुठे सरकतात, हे क्ष-किरणांना जड अणूंच्या गर्दीत नीट दिसत नाही, न्यूट्रॉनना दिसते. १९८५ पासूनच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून असे न्यूट्रॉन मिळतात. येथील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये दाखवले, की सुमारे ८ गिगापास्कलच्या, म्हणजे वातावरणाच्या जवळपास ८०,००० पट दाबापुढे ऑक्सिजनच्या जागा बदलतात आणि ती उलटसुलट मांडणीच नाहीशी होते. अशा ज्ञानाशिवाय नवे पदार्थ घडवणे म्हणजे अंधारात चाचपडणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकल्पासाठी पीझो चकतीला तार जोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी चकती फार तापून तिचा गुण पुसला जाऊ नये म्हणून सोल्डरिंग गन क्षणभरच टेकवावी आणि शिसे असलेल्या निकामी चकत्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्याव्यात.