रॅमभरोसे खरेदी? नको रे बाबा!

दसरा-दिवाळीचे सेल सुरू झाले की मोबाइलला चैन नसते. ‘मेगा डील!’ ‘फक्त आज रात्री १२ पर्यंत!’ ‘शेवटचे २ नग!’ आणि घरातला जुना लॅपटॉप? ब्राउझरचे पाच टॅब उघडले की धापा टाकतो. नवा घ्यायचं बजेट नाही, मग निदान रॅम तरी वाढवू! आयडिया झकास. फक्त ‘बाय नाऊ’ दाबायच्या आधी पाच मिनिटं इकडे द्या. टाइमपास होईल आणि खिसाही वाचेल.

मशीनपेक्षा मेमरी महाग!

माहीत आहे का? १९७७ साली ‘अ‍ॅपल टू’ बाजारात आला तेव्हा ४ केबी रॅमचं मॉडेल १,२९८ डॉलरला होतं आणि ४८ केबीचं २,६३८ डॉलरला. हिशेब करा: ४४ केबी वाढवायला अख्ख्या मशीनपेक्षा जास्त पैसे! रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर पडणारा गुलाबाचा फोटोसुद्धा आज तेवढ्यात मावायचा नाही.

विणकाम करा, चंद्रावर जा

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलोच्या कॉम्प्युटरमध्ये खोडून पुन्हा लिहिता येईल अशी मेमरी होती जेमतेम ४ केबी. आणि प्रोग्रॅम? तो चक्क हाताने विणलेला! अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बारीक तार चुंबकीय कड्यांतून ओवायच्या. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एक टाका चुकला की प्रोग्रॅममध्ये बग!

तुमची रॅम गळकी आहे

घाबरू नका, सगळ्यांचीच असते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये डीरॅमची, म्हणजे आपल्या पीसीतल्या याच रॅमची, कल्पना काढली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, बस्स. लोचा एवढाच की कपॅसिटरमधला चार्ज गळक्या माठातल्या पाण्यासारखा झिरपत राहतो. म्हणून डीडीआर४ पिढीच्या रॅममधला प्रत्येक कप्पा साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरावा लागतो. लाइट गेली आणि फाइल सेव्ह केलेली नव्हती? भोगा आता कर्माची फळं!

बटाट्यातून चिप, तीही सिलिकॉनची

माहीत आहे का? रॅममधल्या तीन बड्यांपैकी एक म्हणजे मायक्रॉन. (उरलेल्या दोन सॅमसंग आणि एसके हायनिक्स.) ही कंपनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बॉयसी गावात सुरू झाली, एका डेंटिस्टच्या दवाखान्याखालच्या तळघरात! पुढे तिच्यात पैसा घातला जे. आर. सिम्प्लॉट यांनी. हे कोण? मॅकडोनाल्ड्सला फ्रेंच फ्राइज पुरवणारे बटाटासम्राट. पोटॅटो ते प्रोसेस, झाला की नाही प्रोग्रेस?

याला म्हणतात बोनस!

१९९६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने रॅम विकणाऱ्या किंग्स्टनचा ८० टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरला घेतला. मालक जॉन टू आणि डेव्हिड सन यांनी काय करावं? कर्मचाऱ्यांसाठी १० कोटी डॉलरचा बोनस जाहीर केला! आपल्याकडे सोनपापडीचा डबा फिरत राहतो तो राहतोच. क्लायमॅक्स ऐका: १९९९ मध्ये त्याच दोघांनी तोच हिस्सा ४५ कोटी डॉलरला परत घेतला. सेलमधली खरेदी शिकावी तर या जोडीकडून.

दिवाळी ओळखत नाही तो भाव

आता खिशाची गोष्ट. कपड्यांचे भाव सणाला उतरतात, म्हणून रॅमचेही उतरतील? छे! १९९३ मध्ये जपानच्या नीहामा शहरातल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपच्या आवरणासाठी लागणारं रेझिन बनायचं. झालं, जगभर रॅमचे भाव उसळले. २०१३ मध्ये चीनच्या वूशी शहरातल्या हायनिक्सच्या फॅक्टरीला आग लागली, पुन्हा तोच तमाशा.

कधी आग लागते, तर कधी लावली जाते! रॅमचे भाव संगनमताने ठरवल्याचा गुन्हा सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत कबूल केला आणि ३० कोटी डॉलरचा दंड भरला.

आणि ताजा एपिसोड? एआयची डेटा सेंटर्स मेमरीचा फडशा पाडू लागली आणि २०२५ च्या अखेरीस तुमच्या-आमच्या रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा आपला लोकप्रिय ब्रँड किरकोळ ग्राहकांसाठी बंद करत असल्याचं जाहीर केलं. हो, तेच बटाटेवाले! तेव्हा साडेतीन मुहूर्त सोन्याला ठेवा. रॅमचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही.

६० टक्के सूट, पण कशावर?

खोडलेल्या एमआरपीवर! त्या किमतीला ती रॅम कोणी घेतली होती का, हे त्या दुकानदारालाच ठाऊक. त्यापेक्षा कीपासारख्या प्राइस ट्रॅकरवर तीन-चार महिन्यांचा ग्राफ बघा. सेलच्या आदल्या आठवड्यात भाव हळूच चढून सेलच्या दिवशी ‘कोसळला’ असेल, तर टाळ्या वाजवा आणि पुढे व्हा. उलट ग्राफ सतत वर जाताना दिसतोय आणि गरज खरी आहे? मग ‘पुढच्या सेलला बघू’ म्हणत बसू नका.

खाच जुळली तरच पत्रिका जुळली

माहीत आहे का? डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात. तरी एक दुसरीच्या जागी बसत नाही! कारण मधली खाच थोडी सरकवलेली असते. लॅपटॉपची पट्टी तर आणखी आखूड: डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२. जोर लावून बसवायला गेलात तर रॅमबरोबर मदरबोर्डचाही सत्यनारायण.

उपाय फुकट आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. स्पीड किती, पट्टी कुठल्या मापाची, दोनपैकी किती स्लॉट भरलेत, सगळं समोर. एक स्लॉट रिकामा? लॉटरी! जुनी ८ जीबी राहू द्या, शेजारी तशीच दुसरी ८ जीबी बसवा. खर्च निम्मा आणि ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकदम चालण्याचा, वेग बोनस.

पण बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे सेल कितीही मोठा असो, तुम्ही प्रेक्षक.

३२०० चं गौडबंगाल

पाकिटावर ‘३२०० मेगाहर्ट्झ’ लिहिलंय? खरं घड्याळ चालतं १६०० वर! डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा. आणि जास्त स्पीडची पट्टी महाग घेतलीत, पण मदरबोर्ड जुना असेल, तर ती निमूटपणे त्याच्याच स्पीडने चालते. जादा पैसे देवाला.

खोडरबर थेरपी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते विचाराल तर लोक तुमच्याकडेच बघतील. तिथे काउंटरवर जुना पीसी न्या. टेक्निशियन पट्टी काढेल, शाळेतलं साधं खोडरबर सोनेरी पिनांवरून दोनदा फिरवेल, भुगा फुंकेल, पट्टी परत ‘टक्’ बसवेल आणि बंद पडलेला पीसी सुरू! त्या पिनांवर खरंच सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्यावरची घाण निघाली की काँटॅक्ट परत जुळतो.

नवी घ्यायचीच असेल तर सवाल एकदम टू द पॉइंट:

“दादा, लॅपटॉपची डीडीआर४, आठ जीबी, बत्तीसशे. बिलासकट काय भाव?”

“बिल कशाला साहेब? बिनबिलाची कमीत देतो.”

इथे विरघळायचं नाही! कित्येक ब्रँड रॅमला मर्यादित लाइफटाइम वॉरंटी देतात आणि ती वसूल करायला बिलच लागतं. १८ टक्के जीएसटी वाचवायला जन्मभराची वॉरंटी घालवायची?

हवेतली रॅम

१९९५ मध्ये ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाच्या सॉफ्टवेअरने रॅम दुप्पट करायचा दावा केला. लाखो प्रती खपल्या. तपासलं तर काय? काहीच करत नव्हतं! प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. आज मोबाइलच्या जाहिरातीत ‘८+८ जीबी’ दिसतं, त्यात फसवणूक नसते, पण दुसरे ८ म्हणजे फोनच्याच स्टोरेजमधून उसने घेतलेले. खऱ्या रॅमपुढे ते गोगलगायच.

४,०९६ भुताटकी मतं

माहीत आहे का? २००३ मध्ये बेल्जियमच्या स्कारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा मिळाली. दोनाचा बारावा घात! म्हणजे मेमरीतला एकच बिट उलटला होता. संशय गेला अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांवर.

तुमच्या रॅमची परीक्षा मात्र इथेच घ्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, पट्टी बसवा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ चालू ठेवा. एक जरी लाल एरर आली तरी परत पाठवा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.

सगळ्यात भारी ऑफर

आता तोच टास्क मॅनेजर पुन्हा उघडा, रोजची कामं चालू असताना. मेमरी ५०-६० टक्क्यांवर आणि डिस्क १०० वर अडकलीय? मग गुन्हेगार रॅम नाही, जुनी हार्ड डिस्क आहे. बजेट एसएसडीकडे वळवा. आणि मेमरीच फुल्ल असेल तर आधी ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन न बोलावता उठणारी अ‍ॅप्स बंद करून बघा. तेवढ्यावर लॅपटॉप पळायला लागला, तर तुम्हाला रॅमवर मिळालेली सूट पूर्ण १०० टक्के. अटी लागू नाहीत!