४२ अंश सोसणाऱ्या वाशिमकराला अंदमानच्या ३० अंशांत चक्कर का येते?

मराठी माणसाची अंदमान सहल निम्मी समुद्रासाठी असते आणि निम्मी सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी. त्यामुळे घरातले आजी-आजोबाही सोबत निघतात. वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही, पण ऊन आणि पाणी दोन्ही ओळखीचं वाटतं. घोळ इथेच होतो.

आपलं उन्हाळ्यातलं ऊन कोरडं. घाम लगेच सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलरही याच तत्त्वावर चालतो. अंदमानात पारा तिशीच्या आसपास असला तरी हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. घाम येतो, पण सुकत नाही, अंग थंड होत नाही. पाणी आणि मीठ मात्र जातच राहतं. म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या, सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. बीपी किंवा हृदयविकाराच्या गोळ्या सुरू असतील, तर किती पाणी आणि मीठ चालेल हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. दुपारी बारा ते तीन उन्हात न फिरलेलं बरं.

विहिरीत पोहता येतं, मग समुद्रात काय अडचण?

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते. पण विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी कधीकधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत परततं. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. अशा ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ कमी झाली की तिरके बाहेर या. तेही जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा फलक रीलची पार्श्वभूमी म्हणून लावलेला नसतो!

स्कुबा शेवटच्या दिवशी का नको?

खोल पाण्यात दाबामुळे जास्त नायट्रोजन रक्तात विरघळतो. विमानात हवेचा दाब कमी असतो. पाठोपाठ विमान पकडलं तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत त्रास संभवतो. म्हणून स्कुबा आणि विमान यांत १८ ते २४ तासांचं अंतर ठेवा. पॅकेज बुक करतानाच कार्यक्रमाचा क्रम विचारून घ्या.

बोट लागण्याची भीती असेल तर गोळी बोटीत बसण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर पायांच्या भेगांकडे लक्ष द्या. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. अंदमानात हा आजार जुना आहे. बंद बूट घाला. डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर वाशिममधल्या डॉक्टरांना ‘अंदमानला गेलो होतो’ हे आधी सांगा. मलेरिया, डेंग्यू की लेप्टो, यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे त्यावरून ठरतं.