कलमांचे क्रमांक व परिशिष्टांची मांडणी

शाळेचा विकास आराखडा अथवा वार्षिक अहवाल छापावयास देताना मजकुराच्या भाषेकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके त्यातील क्रमांकांकडे पुरविले जात नाही. वस्तुतः कलमाचा क्रमांक हा त्या कलमाचा पत्ता होय. प्रती एकदा वाटल्या गेल्या, की त्या पत्त्यावर ठराव आणि पत्रव्यवहार होऊ लागतो. पुढील वर्षी मध्येच एक नवे कलम घालून सर्व क्रमांक पुढे सरकविले, तर 'कलम ७ मधील कामास मंजुरी' असा जुना ठराव भलत्याच कामाकडे बोट दाखवितो. स्वच्छतागृहासाठी मंजूर झालेली रक्कम कागदोपत्री कुंपणाची ठरते.

याबाबतीत भारताच्या संविधानाचा कित्ता गिरविण्याजोगा आहे. १९५० साली ते अंमलात आले तेव्हा त्यात ३९५ अनुच्छेद होते. पुढे कितीतरी नवे अनुच्छेद आले, तरी शेवटच्या अनुच्छेदाचा क्रमांक ३९५ हाच राहिला आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क २१ व २२ यांच्यामध्ये आला, तो २१-अ म्हणून; २२ जागचा हलला नाही. वगळलेल्या भागाचीही हीच रीत. १९५६ साली सातवा भाग रद्द झाला, परंतु आठव्याला सातवा म्हटले गेले नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ गेला. ३१-अ मात्र आहे. रिकाम्या क्रमांकावर दुसऱ्यास बसवू नये.

अक्षरांच्या बाबतीत मराठीत एक खास अडचण आहे. कचेऱ्यांतून 'अ, ब, क, ड' असा क्रम रूढ आहे. संविधानाच्या हिंदी पाठात मात्र 'क, ख, ग' असा क्रम आहे. परिणामी '३१-क' म्हणजे एका क्रमाने तिसरी भर, तर दुसऱ्या क्रमाने पहिली, आणि हे दोन्ही अनुच्छेद प्रत्यक्षात वेगवेगळे आहेत. म्हणून एका दस्तऐवजात एकच क्रम ठेवावा. परिशिष्टांस 'अ, आ, इ' असे स्वर दिल्यास हा घोळ मुळातच उद्भवत नाही. पोटकलमांस २.१, २.२ असे क्रमांक देताना २.९ नंतर २.१० येते. तो दशांश अपूर्णांक नव्हे, हे गणित शिकविणाऱ्यांच्याच हातून कधीकधी निसटते.

आता परिशिष्टांविषयी. जे वारंवार बदलते अथवा कोष्टकाच्या रूपाने पाहावे लागते, ते मुख्य मजकुरात न घालता परिशिष्टात द्यावे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमात शाळेची मानके अशीच अनुसूचीत दिली आहेत: पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत मुलांस दोन शिक्षक, वर्षाला कामाचे २०० दिवस, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस. कलम २० अन्वये केंद्र शासन केवळ अधिसूचना काढून या अनुसूचीत भर घालू शकते वा त्यातून काही वगळू शकते. मूळ कलमांना हात लावावा लागत नाही. अनुसूचीच्या मथळ्याखाली '(कलमे १९ व २५ पहा)' असा निर्देशही आहे. ही बारीकशी ओळ मोठ्या उपयोगाची आहे. सुटे पान हाती आले तरी ते कोणत्या कलमाचे, हे वाचकास कळते.

प्रत्येक परिशिष्ट नव्या पृष्ठावर सुरू करावे. 'परिशिष्ट अ' ही अक्षरे मधोमध, त्याखाली नाव, त्याखाली संबंधित कलमाचा निर्देश असावा. कोष्टकांस अ-१, अ-२ असे क्रमांक द्यावेत, म्हणजे एका परिशिष्टातील वाढीने दुसऱ्यातील क्रम बिघडत नाही. पृष्ठांक मात्र आरंभापासून अखेरपर्यंत सलग ठेवावेत. उल्लेख करताना पृष्ठांकाऐवजी कलमाचा क्रमांक लिहावा, कारण टंकाचा आकार बदलला की पृष्ठे सरकतात. शेवटचे मुद्रितशोधन केवळ उल्लेखांसाठी राखून ठेवावे, आणि 'परिशिष्ट आ पहा' असे जेथे जेथे आले असेल, तेथे थांबून ते परिशिष्ट उघडून पाहावे.